लहान देश आणि छापील ज्ञान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावरच सोपवली होती. माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत यांची मेजवानी आपल्याला दिली. त्या पंगतीत माझे पान थोडे रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या कामात माझ्या आयुष्याची चौतीस वर्षे गेली, त्याखेरीज अन्य कशावर अधिकाराने बोलावे असे माझ्यापाशी काही नाही. मी ग्रंथपाल. एका संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात मी नोकरी केली आणि तिथेच निवृत्त झाले. तेव्हा आज मी लहान देशांतील विज्ञानसंशोधनाविषयी आणि ते संशोधन ज्या छापील कागदावर उभे असते त्याविषयी बोलणार आहे.

विषय दूरचा वाटला, तरी त्याची वाट आपल्या मंडळाच्या कपाटावरूनच जाते. आपल्यापैकी जी ज्येष्ठ मंडळी येथे बसली आहेत त्यांना ते लोखंडी कपाट आठवत असेल. पन्नास वर्षांपूर्वी या पोलादनगरीत मराठी कुटुंबे मोजकी होती. पुण्या-मुंबईची मासिके मागवायची, तर एकेका घराला ते परवडत नसे. म्हणून घरटी वर्गणी काढून मासिके मागवण्याचे ठरले. दिवाळी अंक रेल्वे पार्सलने येत आणि कधीकधी संक्रांत जवळ आली तरी पार्सल आलेले नसे. आल्यावर पहिला मान कोणाचा, यावरून लटकी भांडणेही होत. आपल्या भाषेतला मजकूर छापला गेला आहे हे माहीत असणे आणि तो हातात पडणे यांत केवढे अंतर असते, हे घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. शास्त्रज्ञाच्या बाबतीत हेच अंतर कसे आणि किती महाग पडते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आरंभ माझ्याच एका चुकीपासून करते. १९८३ सालची ही गोष्ट. त्या काळी परदेशी नियतकालिके जहाजाने येत. मार्चचा अंक आमच्या टेबलावर ऑगस्टात पडला तरी आम्हाला आनंद होई. वर्ष संपले की सुटे अंक एकत्र करून ते बांधणीसाठी बाइंडरकडे पाठवण्याचा रिवाज होता. त्या वर्षीचे अंक मी असेच पाठवले. बाइंडरकडे कापडाचा तुटवडा पडला आणि गठ्ठा चार महिने अडकून राहिला. मध्यंतरी एक तरुण बंगाली संशोधक माझ्याकडे आला. भट्टीच्या अस्तराच्या विटांची झीज हा त्याचा विषय होता. त्याने एका विशिष्ट अंकाची चौकशी केली. मी सांगितले, “अंक बांधणीला गेला आहे, आला की कळवीन.” बांधलेला खंड आला तेव्हा त्याला कळवायचे मी विसरून गेले. त्यानेही पुन्हा विचारले नाही. दीड वर्षाने त्याचा शोधनिबंध परदेशी परीक्षकाकडून परत आला. हेच काम अमुक अंकात अमुक पृष्ठावर पूर्वीच प्रसिद्ध झाले आहे, असा शेरा त्यावर होता. तो तोच अंक होता. खंड कपाटातून काढून मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने पृष्ठ उघडले, सावकाश वाचले आणि म्हणाला, “दीदी, प्रयोग माझा बरोबर होता.” यापलीकडे तो एक शब्दही बोलला नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

त्या दिवशी एक गोष्ट मला कळली. छापून झालेले ज्ञान आणि पोचलेले ज्ञान या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली दुसरीपर्यंत आपोआप जात नाही. कोणाला तरी ती न्यावी लागते.

आपल्या देशाच्या विज्ञानाच्या इतिहासातही असे प्रसंग आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे दोन तरुण कलकत्त्याच्या सायन्स कॉलेजात शिकवत होते. युरोपात, विशेषतः जर्मनीत, भौतिकशास्त्र आमूलाग्र बदलत होते. पण युद्धामुळे जर्मन पुस्तके आणि नियतकालिके येथे येणे बंद झाले होते. शिवपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ब्रूल नावाचे एक जर्मनभाषक प्राध्यापक होते. त्यांच्या घरच्या संग्रहात प्लांक, बोल्ट्समान यांचे ग्रंथ होते, ते या तरुणांना वाचायला मिळाले. पुढे १९२० साली बोस आणि साहा यांनी केलेली आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांची इंग्रजी भाषांतरे कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केली. चारच वर्षांनी बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइनला तो सुप्रसिद्ध निबंध पाठवला. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावीच. परंतु ग्रंथपालाच्या नजरेने पाहिले, तर तिच्यात भय वाटावे असेही काही आहे. ब्रूल यांचे घर शिवपूरला नसते, तर? एका देशाचे विज्ञान एका गृहस्थाच्या कपाटावर अवलंबून असणे ही व्यवस्था नव्हे, ते दैव होय.

आता लहान देशांकडे वळू. शास्त्रीय नियतकालिकाचा व्यवहार मोठा विलक्षण असतो. निबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला मानधन मिळत नाही. तो निबंध तपासणारे परीक्षकही बहुधा विनामोबदला काम करतात. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी, म्हणजे करदात्याच्या पैशातून झालेला असतो. आणि तयार झालेले नियतकालिक मात्र शास्त्रज्ञांच्याच संस्थांना वर्गणी भरून विकत घ्यावे लागते. काही नियतकालिकांची वार्षिक वर्गणी लाखो रुपयांच्या घरात जाते. बाजारात साखर महागली तर आपण गुळावर भागवतो. शोधनिबंधाला असा गूळ नसतो. जो निबंध हवा तोच हवा, त्याच्याजागी दुसरा चालत नाही. त्यामुळे किंमत किती वाढवावी याला फारसा लगाम राहत नाही.

यात लहान देशाची अडचण दुहेरी असते. देश गरीब असणे ही त्यातली एक झाली. दुसरी अडचण कमी लक्षात येते. देशाची लोकसंख्या लहान असली म्हणून त्याला लागणारी नियतकालिके कमी होत नाहीत. चाळीस लाखांच्या देशातही हिवताप असतो, क्षय असतो, अडलेल्या बाळंतिणी असतात, पिकांवर कीड पडते आणि नद्यांना पूर येतात. मोठ्या देशाला जेवढी नियतकालिके लागतात जवळजवळ तेवढीच लहानालाही लागतात. वाचणारे डॉक्टर आणि संशोधक मात्र शेकड्यांत असतात. म्हणजे खर्च तेवढाच आणि तो वाटून घेणारे हात थोडे. आपल्या कपाटाचा हिशेबही नेमका असाच होता.

या अडचणीचे पर्यवसान कशात होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्यापुढे ठेवते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया नावाचा देश आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून थोडा मोठा, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे बावन्न लाख आहे. १९८९ पासून २००३ पर्यंत, मधला थोडा काळ सोडल्यास, हा देश यादवी युद्धात होरपळून निघाला. मार्च २०१४ मध्ये शेजारच्या गिनीतून तेथे एबोला हा भयंकर रोग शिरला. रोग्याच्या रक्ताच्या आणि शरीरातील अन्य द्रवांच्या स्पर्शाने तो पसरतो. त्यामुळे त्याचे पहिले बळी शुश्रूषा करणारे आप्त आणि रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका हेच ठरले. चाळीस लाखांहून अधिक लोकांना आधीच मूठभर डॉक्टर होते, त्यांतलेही काही गेले. रुग्णालये बंद पडली. एकट्या लायबेरियात दहा हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि सुमारे ४,८०० माणसे दगावली. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया मिळून मृतांची संख्या ११,३०० च्या वर गेली.

एबोला हा मध्य आफ्रिकेतला रोग, १९७६ साली तो प्रथम ओळखला गेला तोही तिकडेच, पश्चिम आफ्रिकेला तो नवा, अशी तोवर आरोग्याधिकाऱ्यांची सर्वसाधारण समजूत होती. साथ ओसरू लागली, तेव्हा लायबेरियाच्या आरोग्यखात्यातील एक प्रमुख अधिकारी डॉ. बर्निस डान आणि त्यांचे दोन सहकारी जुने शोधनिबंध धुंडाळू लागले. त्यांना १९८२ सालचा एक निबंध सापडला. युरोपीय संशोधकांनी लायबेरियातील लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून तो लिहिला होता आणि तो फ्रान्समधील एका विषाणुशास्त्रविषयक नियतकालिकात छापला गेला होता. काही नमुन्यांत एबोलाची प्रतिद्रव्ये आढळली होती. एबोलाचा वावर असलेल्या प्रदेशांत लायबेरियाचा समावेश करावा लागेल असे दिसते, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी असे रोगी येण्याची शक्यता ध्यानात ठेवावी आणि रुग्णालयातून साथ पसरू नये यासाठी सज्ज असावे, असा इशाराही त्यात होता.

बंधुभगिनींनो, हा इशारा साथीच्या बत्तीस वर्षे आधी छापलेला होता. ज्यांना तो दिला होता त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही. एप्रिल २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये डॉ. डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकीगत लिहिली. त्यांनी असेही नोंदवले, की या विषयावरच्या निबंधांपैकी एक इंटरनेटवरून उतरवून घ्यायला तेव्हाही ४५ डॉलर पडत होते. लायबेरियातील डॉक्टरचा तो जवळजवळ अर्ध्या आठवड्याचा पगार. आणि त्या निबंधांच्या लेखकांत लायबेरियाचा एकही शास्त्रज्ञ नव्हता. रक्त लायबेरियाचे होते. त्यावरचे ज्ञान युरोपात गेले, तेथे छापले गेले आणि तेथेच कपाटात राहिले.

येथे अतिशयोक्ती करण्याचा मोह टाळला पाहिजे. तो एक निबंध हाती असता तर साथ आलीच नसती, असे कोणीही म्हणू शकणार नाही. हातमोजे नाहीत, पाणी नाही, प्रयोगशाळा नाही, अशा रुग्णालयात नुसता निबंध काय करणार? शिवाय अधूनमधून होणाऱ्या युद्धात तो कोण वाचत बसणार? हे सगळे खरे आहे. तरीही परिचारिकांच्या शिक्षणक्रमात एबोलावर एक धडा असता, तापाचा पहिला संशयित रोगी आला तेव्हा डॉक्टराच्या मनात ती शंका आली असती, तर काही माणसे वाचली असती, असे मानायला हरकत नसावी. माझ्या त्या विद्यार्थ्याचे दीड वर्ष वाया गेले. येथे पणाला लागली होती ती माणसे.

मग यावर उपाय काय? काहीच झाले नाही असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांशी बोलणी करून जानेवारी २००२ मध्ये हिनारी नावाची योजना सुरू केली. आरंभी सहा प्रकाशक आणि सुमारे दीड हजार वैद्यकीय नियतकालिके तीत होती. अत्यंत गरीब देशांतील रुग्णालये, विद्यापीठे आणि सरकारी कार्यालये यांना ती इंटरनेटवर विनामूल्य वाचता येऊ लागली. थोड्या बऱ्या स्थितीतल्या देशांतील संस्थांना वर्षाला एक हजार डॉलर भरावे लागत. पुढे २००३ मध्ये शेतीसाठी आगोरा आणि २००६ मध्ये पर्यावरणासाठी ओएरे, अशा भगिनीयोजना निघाल्या. भारत मोठी बाजारपेठ असल्यामुळे हिनारीत आपल्याला स्थान नव्हते, हेही सांगितले पाहिजे. जेथे इंटरनेटच नाही अशा कृषिविद्यापीठांसाठी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ पासून शेतीविषयक नियतकालिकांचे एक संपूर्ण ग्रंथालय तबकड्यांवर घालून पेटीत भरून पाठवायला सुरुवात केली. पेटीतले ग्रंथालय ही कल्पना मला अतिशय भावली, कारण आपले मंडळही एका ट्रंकेतूनच वाढले.

या योजना चालवणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण दुसऱ्याच्या औदार्यावर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा एक दोष असतो. देणारा हात केव्हाही आखडता येतो. जानेवारी २०११ मध्ये बांगलादेशातील संस्थांना अचानक कळवण्यात आले, की काही प्रकाशक आपली नियतकालिके हिनारीतून त्यांच्यापुरती काढून घेत आहेत. त्या देशात आता विक्री होऊ लागली आहे, असे कारण देण्यात आले. वैद्यकीय नियतकालिकांतूनच यावर कडाडून टीका झाली, तेव्हा ती पुन्हा खुली करण्यात आली. शेवट गोड झाला. पण आज उघडलेले दार उद्या लागू शकते, हे एकदा अनुभवलेला संशोधक निर्धास्त होऊन काम कसे करील?

म्हणून मला दुसरा मार्ग अधिक मोलाचा वाटतो. तो म्हणजे वर्गणीचा, आपल्या कपाटाचा मार्ग. आइसलँड हा चिमुकला देश. या शतकाच्या आरंभी त्याची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. प्रत्येक ग्रंथालयाने वेगवेगळी वर्गणी भरण्याऐवजी साऱ्या देशाने मिळून प्रकाशकांशी करार केले. त्यामुळे विद्यापीठातील प्राध्यापकाबरोबरच खेड्यातल्या डॉक्टरला आणि शाळेतल्या शिक्षकालाही ती नियतकालिके घरबसल्या वाचता येऊ लागली. दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे हा सुमारे पस्तीस लाख वस्तीचा देश. तेथे सरकारच्या संशोधनविषयक संस्थेने २००९ साली तिंबो नावाचे राष्ट्रीय दालन उघडले आणि देशातील कोणाही रहिवाशाला त्यातून शास्त्रीय नियतकालिके विनामूल्य वाचायची सोय केली. दोन्ही देशांनी आपले लहानपण हीच सोय मानली. लहान घरात सर्वांना एका ताटात जेवता येते, तसे हे आहे. लायबेरियासारख्या देशाला स्वतःच्या पैशाने हे आज झेपणार नाही. पण चार-सहा शेजारी देशांनी एकत्र येऊन करार करणे अशक्य नाही, आणि साहाय्य देणाऱ्यांनाही अशा करारासाठी पैसा देता येईल. तेव्हा मिळणारे नियतकालिक दान म्हणून येणार नाही, कराराने येईल.

परंतु वाचायला मिळाले एवढ्याने काम भागत नाही. लहान देशाने स्वतः जे शोधले ते जगाला दिसले पाहिजे, आणि मुख्य म्हणजे त्याच्या स्वतःच्या माणसांना दिसले पाहिजे. आफ्रिकेतील पुष्कळ चांगली नियतकालिके कित्येक वर्षे काहीशे प्रतींच्या पलीकडे गेली नाहीत. १९९८ मध्ये ब्रिटनमधील इनास्प या संस्थेने ती इंटरनेटवर एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. पुढे २००५ मध्ये ते काम दक्षिण आफ्रिकेत हलवले गेले. त्याच संस्थेच्या साहाय्याने २००७ मध्ये आपल्या शेजारच्या नेपाळमधील नियतकालिकांचे असेच दालन सुरू झाले. आता ते त्रिभुवन विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय पाहते. मी नोकरीत असताना नेपाळच्या डोंगरी भागातील एका डॉक्टरांची पत्रे आमच्याकडे येत. अमुक निबंधाची फोटोप्रत पाठवावी, अशी विनंती त्यांत असे. एकदा त्यांनी मागितलेला निबंध काठमांडूतच छापलेला होता, आणि तो त्यांना मिळण्याचा जवळचा रस्ता आमच्या ग्रंथालयावरून जात होता! तो रस्ता आता सरळ झाला आहे.

येथे महाराष्ट्राचे एक उदाहरण सांगायला मला आनंद वाटतो. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून एक वैद्यकीय त्रैमासिक निघते. नव्या शतकाच्या आरंभी त्याच्या चालकांनी संपूर्ण मजकूर इंटरनेटवर विनामूल्य खुला केला, आणि लेखकांकडूनही पैसे घेतले नाहीत. फुकट मिळाल्यावर छापील अंक कोण घेणार, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. प्रत्यक्षात वर्गणीदार घटले नाहीत आणि परदेशांतून येणारे निबंध मात्र वाढले. एका रुग्णालयाच्या आवारातून निघणाऱ्या त्रैमासिकाने हे करून दाखवले, तर एखाद्या लहान देशाच्या वैद्यकीय मंडळाला ते का जमू नये?

आता एक नवी भिंत उभी राहिली आहे, तिचाही उल्लेख करते. वाचकांसाठी खुली असलेली अनेक नियतकालिके आता खर्च लेखकाकडून वसूल करतात. एका निबंधाला दोन-तीन हजार डॉलर सहज पडतात. अतिगरीब देशांतील लेखकांना पुष्कळ प्रकाशक सूट देतात. पण सूट मागण्यासाठीही अर्ज करावा लागतो. ज्या देशाचे नाव सवलतीच्या यादीत थोडक्यात हुकते, त्याच्या शास्त्रज्ञाची स्थिती सर्वांत कठीण होते. पूर्वी वाचण्यासाठी पैसे नव्हते, आता लिहिण्यासाठी नाहीत. म्हणून दोन्हीकडून पैसे न मागणारी, सार्वजनिक खर्चाने चालणारी नियतकालिके मला महत्त्वाची वाटतात.

आणखी एक गोष्ट माझ्या व्यवसायाच्या अभिमानाने सांगते, ती गोड मानून घ्यावी. दालन उघडले, करार झाला, परवलीचा शब्दही मिळाला. पण तो शब्द संचालकांच्या टेबलाच्या खणात कागदाच्या घडीत पडून राहिला, असे घडू शकते. हिनारीसारख्या योजनांना ठिकठिकाणी शिक्षणवर्ग घ्यावे लागले ते याचसाठी. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे हे सांगणारा, नवा निबंध आला की संबंधित डॉक्टरला आपणहून कळवणारा माणूस तेथे लागतो. यंत्राने अंतर कमी झाले असले, तरी शेवटची दहा पावले माणसालाच चालावी लागतात. मी ती दहा पावले एकदा चालले नव्हते, म्हणून हे बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजा.

आपल्या देशाने आता मोठे पाऊल टाकले आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने एक राष्ट्र एक सदस्यता या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधनसंस्थांना उपलब्ध करून देण्याचे तीत ठरले. माझ्या उमेदवारीच्या काळात एका अंकासाठी आम्ही दिल्लीला पत्रे लिहीत असू. त्या मानाने हे स्वप्नवत आहे. पण यातूनच एक कर्तव्यही निर्माण होते असे मला वाटते. मोठ्या घरात वीज आली म्हणजे शेजारच्या झोपडीतला अंधार अधिक दाट दिसतो. प्रकाशकांशी करार करताना शेजारच्या लहान देशांचा विचार भारताने केला, त्यांच्या ग्रंथपालांना येथे शिकायला बोलावले, तर ते शेजारधर्माला धरून होईल.

आणि आपण काय करावे? या सभागृहात असे एकही घर नसेल, की ज्यातला मुलगा, मुलगी, सून किंवा जावई कोठे ना कोठे संशोधन करीत नाही. त्यांना आपण दोन गोष्टी सांगू शकतो. पहिली म्हणजे, निबंध प्रसिद्ध झाला की नियम पाहून त्याची एक प्रत सर्वांना विनामूल्य वाचता येईल अशा ठिकाणी ठेवावी. पुष्कळ प्रकाशक लेखकाला तशी मुभा देतात, पण लेखकच आळस करतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या गावातून, ज्या पाड्यावरून, ज्या देशातून रक्ताचा नमुना, मातीचा नमुना किंवा माहिती आणली असेल, तेथे निष्कर्ष परत नेऊन पोचवावा, त्यांच्या भाषेत सांगावा, आणि तेथील एखाद्या अभ्यासकाला त्या कामात बरोबरीने सामील करून घ्यावे. लायबेरियातील त्या निबंधाच्या वेळी एवढे झाले असते, तर निदान एक प्रत मनरोव्हियात असती.

शेवटी पुन्हा त्या खंडाकडे येते. त्या प्रसंगानंतर मी एक नियम स्वतःला घालून घेतला. सुटे अंक बाइंडरकडे देण्यापूर्वी प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका टंकलिखित करून ती वाचनालयाच्या दाराशी लावायची, आणि कोणी काही मागितले असेल तर त्याच्या नावाची चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवायची. अंक परत आला की प्रथम ती वही उघडायची. निवृत्त होईपर्यंत तो नियम मी मोडला नाही. त्या तरुणाने पुढे दुसरा विषय घेतला आणि तो चांगला संशोधक झाला. ग्रंथालयात आला की तो हसत विचारी, “दीदी, वहीत माझे नाव आहे का?” लहान देशांतल्या डॉक्टरांची आणि शास्त्रज्ञांची नावे जगाच्या अशा एखाद्या वहीत असावीत, एवढीच माझी इच्छा आहे.